गाडीतला आवाज कोणाचा?

आमच्या जुन्या कमांडर जीपमध्ये रेडिओच्या गोल बटणाखाली एक छोटं लोखंडी स्विच आहे. वर केलं की रेडिओ, खाली केलं की फोनवरचं गाणं. त्यावर ना खूण, ना अक्षर. नवीन माणूस जीपमध्ये बसला की हमखास विचारतो, "हे कशाचं हो?" मी सांगतो, "गाण्याचं." पण खरं सांगायचं तर त्या स्विचनं आमच्या घरात जे केलं ते गाण्यापुरतं राहिलं नाही. माणसानं काय ऐकावं आणि ते कोणी ठरवावं, हा प्रश्न त्या बोटभर स्विचनं आमच्यासमोर आणून ठेवला. तो अजून सुटलेला नाही.

जीप बाबांनी १९९८ साली घेतली. हिवरा आश्रम ते मेहकर अशी काळी-पिवळी चालवायची म्हणून. तेव्हा हिवऱ्याला येणाऱ्यांची वर्दळ मोठी. शुकदास महाराजांनी उभारलेला विवेकानंद आश्रम, त्याच्या शाळा-कॉलेजं आणि महाराजांकडे औषधासाठी येणारे रोगी. कुठून कुठून माणसं यायची. मेहकरला एस.टी.तून उतरायची आणि बाबांच्या जीपमध्ये बसायची. रोग्याला पुढं ड्रायव्हरच्या बाजूला बसवायचं, कारण तिथं दचके कमी बसतात. घरची माणसं मागं. हा बाबांचा नियम होता.

रेडिओ अगदी साधा. मीडियम वेव्ह आणि एफएम, एक बटण आवाजाचं, एक स्टेशन शोधायचं. कॅसेट नाही, काही नाही. समोर डाव्या बाजूला लांब एरियल. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या, मग बाजारभाव, शेतकऱ्यांचा कार्यक्रम, नाट्यगीत, भावगीत, जे येईल ते. दिवसा जळगाव बरं लागायचं. अंधार पडला की नागपूर जास्त स्वच्छ यायचं. मीडियम वेव्हच्या लहरी रात्री आभाळातल्या वरच्या थरावर आदळून लांब जातात, हे मला पुढं शाळेत कळलं. बाबांना ते आधीच माहीत होतं. ते म्हणायचे, "रात्री नागपूर जवळ येते."

आवाज किती ठेवायचा, याचंही बाबांचं एक माप होतं. मागच्या फळीवरच्या बाईला शेजारणीशी बोलताना ओरडावं लागू नये, एवढाच.

२०१७ च्या उन्हाळ्यात माझा मुलगा बारावी होऊन घरी होता. प्रवासी वाहतूक बाबांनी केव्हाच सोडली होती. जीप आता शेताच्या कामाची. सोयाबीनचं बियाणं आणायला, डिझेलच्या कॅन आणायला, लग्नाकार्याला. पोरगं म्हणालं, "आबा, यात ब्लूटूथ बसवू."

"ते काय असते?"

"फोनमधलं गाणं बिनवायरचं गाडीत वाजते."

पोरानं मग फोनवर वाचून दाखवलं की ब्लूटूथ हे नाव हजार वर्षांपूर्वीच्या हॅराल्ड नावाच्या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून आलं. त्यानं वेगवेगळ्या टोळ्या एकत्र जोडल्या, म्हणून वेगवेगळी यंत्रं जोडणाऱ्या या तंत्राला त्याचं नाव दिलं. १९९८ साली पाच मोठ्या कंपन्यांनी मिळून त्याची संघटना केली. म्हणजे आमची जीप आणि ती संघटना एकाच सालची. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण त्याचा दात निळा कसा झाला?" त्याचं उत्तर पोराकडंही नव्हतं.

बाबांचा विरोध नव्हता. एवढंच म्हणाले, "रेडिओ काढायचा नाही."

आधी आम्ही स्वस्तातला उपाय केला. सिगारेट लायटरच्या भोकात खोचायचं एक यंत्र मिळतं. ते फोनवरचं गाणं घेतं आणि एफएमच्या एखाद्या रिकाम्या जागेवर पुन्हा सोडतं. रेडिओ त्या जागी लावला की गाणं ऐकू येतं. म्हणजे जीपपुरतं आपलंच आकाशवाणी केंद्र. पण आमच्या जीपला लायटरचं भोकच नव्हतं. ते वेगळं बसवलं, तर गाण्यात खरखर फार आणि पुलाजवळ गेलं की दुसरंच कुठलं तरी स्टेशन मधे घुसायचं. आठ दिवसांत पोरगं कंटाळलं.

मग मेहकरच्या एका जुन्या रेडिओ-टीव्ही मिस्त्रीकडं गेलो. सत्तरीचा माणूस. डोळ्याला भिंग लावून त्यानं सेट उघडला. आत तपकिरी धूळ आणि एक मेलेली कुंभारीण माशी. त्यानं आम्हाला आवाजाच्या बटणामागचे तीन पाय दाखवले. "हे पाहा, या पायावर रेडिओतून आवाज येते. मधल्या पायातून पुढं स्पीकरकडं जाते. तिसरा अर्थ. मी पहिल्या पायाची वायर कापतो आन् मधे स्विच टाकतो. एकीकडून रेडिओ, एकीकडून तुमचं ब्लूटूथ. बटण तेच, स्पीकर तोच."

तळहाताच्या चौथाईएवढा एक बोर्ड त्यानं आत चिकटवला. त्याला पाच व्होल्ट लागतात आणि गाडीची बॅटरी बाराची, म्हणून मधे तीन पायांचा एक ७८०५ टाकला आणि तो तापतो म्हणून त्याला पत्र्याचा तुकडा जोडला. जीप सुरू केली, गाणं लावलं, तर गाण्याच्या मागं घूंऽऽ असा आवाज. ॲक्सिलरेटर दाबला की घूं चढायची, सोडला की उतरायची. पोराचं तोंड उतरलं. मिस्त्री हसला. "अल्टरनेटरचा आवाज हाये. तुम्ही लायटरसाठी अर्थ तिकडून घेतला, मी इकडून घेतला. अर्थ दोन ठिकाणाहून घेतला की घुमते. एकाच ठिकाणाहून घ्या लागते." त्यानं एक वायर तोडली, दुसरी जोडली, वर एक कपॅसिटर लावला. घूं गेली. माणसाच्या बोलण्याचंही असंच आहे हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. पुढं चार महिन्यांनी आलं.

त्या उन्हाळ्यात जीपमध्ये भांडणं मात्र सुरू झाली. पोरगं त्याची गाणी लावायचं, माय म्हणायची भजन लाव, माझी बायको म्हणायची काहीच नको. आधी कधी असं झालं नव्हतं, कारण आधी कोणाच्या हातात काही नव्हतंच. रेडिओ जे देईल ते सगळ्यांचं. नाट्यगीत कोणालाच आवडलं नाही, तरी भांडण व्हायचं नाही. फार तर पाच मिनिटांनी संपायचं.

मी एकदा पोराला म्हणालो, "रेडिओ म्हणजे पंगत आहे. तुझं ब्लूटूथ म्हणजे डबा." हिवऱ्याच्या माणसाला पंगत सांगावी लागत नाही. जानेवारीत विवेकानंद जयंतीच्या उत्सवाला आश्रमात लाखांनी माणूस येतो, शेतात ओळीनं खाली बसतो आणि ट्रॅक्टरमधून येणारी पुरी अन् वांग्याची भाजी सगळ्यांच्या पात्रात तीच पडते. वांगं न खाणारा माणूसही त्या दिवशी खातो. तुला काय आवडतं, असं तिथं कोणी विचारत नाही आणि न विचारण्यातच त्या जेवणाची गोडी आहे.

पोरगं काही कमी नाही. म्हणालं, "पण बाबा, पंगतीत काय शिजवायचं ते कोणीतरी ठरवतेच ना? आबांनी बारा-तेरा वर्षं लोकांना त्यांच्या आवडीचं स्टेशन ऐकवलं. मागच्या सीटवरच्या बाईला कोणी विचारलं?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. १९५७ साली विविध भारती सुरू झाली. फर्माईश करायची तर लोक पोस्टकार्ड टाकायचे, गाण्याआधी त्यांची नावं वाचली जायची. म्हणजे निवड रेडिओतही होती. एकानं मागायचं आणि साऱ्यांनी ऐकायचं. पण पोस्टकार्ड टाकणाऱ्यांत आमच्या मायसारखी निरक्षर बाई कुठून असणार? तिच्या आवडीचं काही त्या डब्यातून आलं असेल तर ते योगायोगानं.

एवढ्यावर हा विषय राहिला असता तर मी हे लिहायला बसलो नसतो.

सप्टेंबरात बाबांचं पोट दुखू लागलं. मेहकरला दाखवलं, तिथून औरंगाबादला पाठवलं. तिथं तुकडा काढून तपासायला दिला. माझी धाकटी बहीण तिकडंच असते, तिनं रिपोर्ट आणायचा होता. डॉक्टर आमच्याशी आधीच बोलले होते. काय निघणार याचा आम्हाला अंदाज होता. बहीण, मी, माझी बायको, माय, चौघांनी ठरवलं की बाबांना सांगायचं नाही. अल्सर आहे म्हणायचं. गावात असंच करतात. माणूस धसका घेऊन आजाराआधी मरतो असं म्हणतात आणि तसं मेलेले एक-दोन जण प्रत्येकाला माहीत असतात. आम्ही वाईट माणसं नव्हतो. आम्हाला ते जगायला हवे होते.

त्या दिवशी मी आणि बाबा मेहकरहून परत येत होतो. बाबा पुढं, माझ्या शेजारी. सकाळी पोरानं माझा फोन जोडून दिला होता, स्विच खाली होतं, गाणं चालू होतं. मधेच गाणं थांबलं, घंटी वाजली. मी सवयीनं खिशातला फोन काढून बटण दाबलं आणि कानाला लावला. कानात काहीच नाही. आवाज आला तो समोरून, डॅशबोर्डमधून, बाबांच्या रेडिओतून.

"दादा, रिपोर्ट आला. कॅन्सरच आहे. लिव्हरपर्यंत गेला म्हणतात. तू बाबांना काही बोलू नको, आपलं ठरलं तसंच..."

फोन कसा बंद करावा हे मला सुधरेना. मी आवाजाचं बटण पिळलं. जीप रस्त्याच्या कडेला घेतली. बहीण तिकडून "हॅलो, हॅलो" म्हणत राहिली असेल. इकडं इंजिनाचा आवाज तेवढा राहिला.

बाबा समोर पाहत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी हात लांब केला आणि स्विच वर केलं. आवाजाचं बटण मी पिळून ठेवलेलं, ते त्यांनी थोडं मोकळं केलं. कुठलं तरी स्टेशन अर्धवट लागलेलं, नुसती खरखर. ती ऐकत ते बसले. मग म्हणाले, "चाल."

घरी आल्यावर दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गोठ्यापाशी मला म्हणाले, "रोगाचं काही नाही. सत्तरीच्या वर जगलो. पण मले सोडून साऱ्याईले ठाव होतं. तुम्ही चौघं एकीकडं झाले अन् मी एकटा एकीकडं."

मी म्हणालो, "बाबा, तुमच्या भल्यासाठीच..."

"मले माहीत हाये. म्याही तेच केलं ना."

मला कळेना. मग त्यांनी जे सांगितलं ते आयुष्यात कोणाला सांगितलं नसावं. म्हणाले, "जीप चालवत होतो तवा कित्येक पेशंट माझ्या बाजूला बसून आले. घरचे मागं बसत. मागं कुजबूज चाले, किती दिवस राहिले, पैसे कुठून आणावं, ते. पेशंटच्या कानावर जाऊ नाही म्हणून मागचा माणूस मले खूण करे. अन् मी रेडिओ मोठा करून देत होतो. पेशंट मले इचारे, 'भाऊ, हे काय बोलून राहिले? मले काय झालं?' मी म्हणो, 'काही नाही, बाजारभाव ऐका.' एक बाई होती, तिनं तीन खेपा इचारलं. तिन्ही खेपा मी आवाज वाढवला." थोडं थांबून म्हणाले, "त्याच रेडिओनं मले सांगितलं. बरं झालं."

मी रेडिओला पंगत म्हणालो होतो. सगळ्यांसाठी सारखं, लपवाछपवी नाही. आणि त्याच रेडिओचा पडदा करून बाबांनी वर्षानुवर्षं लोकांपासून त्यांचंच मरण झाकलं होतं. ज्या पोराच्या यंत्राला मी आपमतलबी डबा म्हणालो, त्यानं चुकून का होईना, ज्याचं त्याला दिलं. यंत्राला यातलं काही कळत नाही, हे खरंच. त्या बोर्डाला दहा-पंधरा पावलांतला जोडलेला फोन तेवढा कळतो. खाजगी काय नि चारचौघांतलं काय, हा भेद त्याच्या गावीही नाही. तो भेद आम्ही करत होतो आणि आमच्या सोयीनं करत होतो.

मिस्त्रीचं बोलणं मला तेव्हा आठवलं. अर्थ दोन ठिकाणाहून घेतला की घुमते. घरात आम्ही एकच गोष्ट दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी बोलत होतो. स्वयंपाकघरात एक, बाबांच्या खाटेपाशी दुसरी. त्या पंधरा दिवसांत घरात एक घूं होती, सगळ्यांना ऐकू येणारी, बाबांनाही. ते आजारी होते, बहिरे नव्हते. आपल्या शेजारी येऊन बसणाऱ्याचा आवाज अचानक गोड झालेला माणसाला कळतो.

पण दुसरी बाजूही मी सोडू शकत नाही. बाबांनी ते ऐकलं कसं? गाडीत, स्पीकरमधून, तयारी नसताना, दुसऱ्याच्या फोनमधून. असं कोणी कोणाला सांगू नये. सत्य हक्काचं असतं म्हणून ते तोंडावर फेकायचं नसतं. आम्ही जवळ बसून, हात धरून सांगितलं असतं तर तेच शब्द वेगळे झाले असते. ती संधी आम्ही भल्याच्या नावाखाली गमावली होती. आणि ज्याला खरोखरच ऐकायचं नसतं त्याचं काय? तशीही माणसं असतात. म्हणतात, तुम्हीच काय ते बघा, मला सांगू नका. त्यांच्यावर लादणं हाही जुलूमच. मग नियम काय करावा? मला एवढंच सुचतं की विचारावं. बाबा प्रवाशांना स्टेशन विचारत नसत, पण "आवाज मोठा तं नाही होत?" हे विचारत. तेवढं तरी आम्ही त्यांना विचारायला हवं होतं. "बाबा, रिपोर्ट येणार आहे. तुम्हाला ऐकायचा आहे का?" सगळे मिळून आठ-दहा शब्द. ते आमच्यानं झालं नाही.

बाबा पुढं दीड वर्ष जगले. धसका घेऊन मरतात म्हणतात, तसं काही झालं नाही. कोणती औषधं घ्यायची आणि कोणती नाही, ते त्यांनी डॉक्टरला स्वतः विचारून ठरवलं. विहिरीच्या पाण्याचा चुलत्याशी चाललेला वीस वर्षांचा वाद एका दुपारी मिटवला. जानेवारीत जीपमधून उत्सवाला गेले, ओळीत खाली बसता येईना म्हणून ट्रॉलीला टेकून उभ्यानं पुरी-भाजी खाल्ली. आम्ही अल्सरच म्हणत राहिलो असतो तर यातलं काय झालं असतं? कदाचित पाणी तसंच अडलेलं राहिलं असतं.

त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात पोरानं एक केलं. मायला जात्यावरच्या ओव्या येतात. जातं माळ्यावर जाऊन पंचवीस वर्षं झाली, पण ओव्या तिच्या तोंडात आहेत. एका दुपारी पोरानं तिच्याकडून त्या म्हणून घेतल्या, फोनमध्ये भरल्या आणि आबांना जीपमध्ये बसवून कोराडी धरणाकडं घेऊन गेलं. जाताना आधी विचारलं, "आबा, लावू का?" बाबांनी मान हलवली. स्विच खाली. मायचा आवाज रेडिओतून आला. मी मागं बसलो होतो. बाबा म्हणाले, "इतक्या वर्षात रेडिओत हिचा नंबर आज लागला." आणि आवाजाचं बटण थोडं वाढवलं. मागच्यांना त्रास होईल की काय, हे त्यांनी त्या दिवशी पाहिलं नाही.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. जीप आहे, स्विच आहे. मी कोणाला जीपमध्ये घेतलं की आधी सांगतो, फोन आला तर साऱ्यांना ऐकू येईल बरं का. काही जण हसतात, काही जण गप्प होऊन स्वतःचा फोन चाचपतात.

गेल्या हिवाळ्यात ओळखीच्या एकाच्या सासूला मेहकरहून आणायचं होतं. तपासण्या करून आली होती. पुढचं दार उघडण्याआधी तो माझ्या कानाशी लागला, "म्हातारीला काही माहीत नाही. काही बोलू नका." आणि मागं जाऊन बसला. म्हातारी पुढं, माझ्या बाजूला, बाबांच्या जागेवर. मागं कुजबूज सुरू झाली. पुलाच्या अलीकडं म्हातारीनं माझ्याकडं वळून विचारलं, "भाऊ, हे काय बोलून राहिले? मले काय झालं?"

रेडिओ चालू होता. बातम्या लागल्या होत्या. माझा हात आवाजाच्या बटणावर गेला आणि मला कळलं की तो का गेला.

मी रेडिओ बंद केला. म्हणालो, "मावशी, मला नीट माहीत नाही. पण मागं तुमचा जावई बसला आहे. त्याला माहीत आहे. त्याला विचारा."

तो माणूस त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. बाजारात दिसला तर रस्ता बदलतो. दुसऱ्याच्या घरात मी का पडावं, हा त्याचा राग चुकीचा आहे असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. म्हातारीनं पुढं काय विचारलं, त्यानं काय सांगितलं, तेही मला ठाऊक नाही. ते दोघं हिवऱ्याच्या फाट्यावर उतरले तेव्हा म्हातारीनं त्याचा दंड घट्ट धरलेला होता, एवढंच मी आरशात पाहिलं.